हॉपडेलच्या खाजणात, गाईडबरोबर

"एवढे पैसे देऊन मासे धरायला जायचं? एवढ्यात दुकानातून वर्षभराचे मासे येतील की!" हे मला घरातून, ऑफिसातून, भारतातून फोनवरून, सगळीकडून ऐकवून झालंय आणि निव्वळ हिशेब म्हणून ते बरोबरच आहे. लुइझियानात दिवसभरासाठी गाईडची बोट घेतली की चार जणांत मिळून आठशे ते हजार डॉलर सहज जातात, वर टीप वेगळी, ह्यूस्टनहून जाऊन-येऊन पेट्रोल वेगळं. माशांच्या वजनाने भागाकार केला तर आतबट्ट्याचा व्यवहार. पण ते पैसे आपण मोजतो ते एका माणसाला पाणी वाचता येतं म्हणून, आणि ते वाचणं जवळून बघायला मिळणं याची किंमत मला तरी जास्त वाटली नाही. बायकोला वाटली, तो भाग वेगळा.

तर जागा हॉपडेल. न्यू ऑर्लिन्सच्या पूर्वेला, सेंट बर्नार्ड पॅरिशमध्ये (तिकडे काउंटीला पॅरिश म्हणतात), शहरातून गाडीने साधारण तासभर. रस्ता बायूच्या (संथ पाण्याच्या ओढ्याच्या) कडेकडेने जातो आणि घरं सगळी उंचच उंच खांबांवर, खाली गाडी, बोट, खेकड्यांचे पिंजरे आणि वर माणसं. 2005 च्या कतरिना वादळात हा पट्टा जवळजवळ धुऊन निघाला होता, त्यानंतर जे काही बांधलं ते असं हवेत. अठराव्या शतकात स्पेनने कॅनरी बेटांवरून लोक आणून इथे वसवले, त्यांना इस्लेन्यो म्हणतात, त्यांच्या वंशातली काही कुटुंबं अजून कोळंबी, खेकडे, कालवं यांच्यावरच आहेत. पर्यटकांसाठी म्हणून इथे काही नाही, एक-दोन मरीना (बोटींचे धक्के), बर्फ, जिवंत कोळंबी, डिझेल, झालं. न्यू ऑर्लिन्सला गेलेले लोक फ्रेंच क्वार्टर बघून परत येतात आणि तासाभरावर हे असलं काही आहे याची त्यांना गंधवार्ताही नसते.

आम्ही म्हणजे मी, मेहुणा आणि त्याचे दोन मित्र. मेहुणा कोळीवाड्याला लागून वाढलेला त्यामुळे माशाबद्दल कुणी काही शिकवायला लागलं की त्याच्या कपाळाला आठी पडते, आणि इथे तर दिवसभर शिकवणारा माणूस पैसे देऊन घेतलेला! कॅप्टन साठीच्या आसपासचा, कमी बोलणारा, बोलला तरी अर्धं वाऱ्यात जायचं. या गाईडांना कोस्ट गार्डचं लायसन्स लागतं, सहा प्रवाशांपर्यंत नेता येतं. आपल्याला राज्याचं मासेमारीचं लायसन्स लागतं, बाहेरच्या राज्यातल्या लोकांसाठी चार्टर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या गाईडच्या, बोटीचं थोड्या दिवसांचं मिळतं, ते फोनवरूनच काढता येतं, मरीनावर जाऊन शोधाशोध करू नका, पहाटे तिथे धड रेंज मिळेल याची खात्री नसते.

बोट म्हणजे बे बोट. चोवीस फुटी, तळ उथळ, मागे मोठं इंजिन, पुढे एक छोटी इलेक्ट्रिक मोटर जी जीपीएसच्या जोरावर बोट एका जागी धरून ठेवते, आणि मागच्या बाजूला पॉवर-पोल, म्हणजे बटण दाबलं की एक लांब खांब सरळ चिखलात जाऊन रुततो. नांगर टाकायचा आवाज नाही. दोन-तीन फूट पाण्यात आवाज झाला की खेळ खलास, म्हणून हा सगळा थाट. पेटीचं झाकण धाडकन आपटलं की कॅप्टन फक्त मान वळवून बघायचा, बोलायचा काही नाही, तेवढ्यात सगळे समजून जायचे.

उजाडता उजाडता निघालो आणि मला पहिली गंमत दिसली ती स्क्रीनवर. कॅप्टनच्या समोर नकाशा चालू होता आणि त्यात आमची बोट हिरव्या रंगावरून चालली होती. हिरवा म्हणजे जमीन. आम्ही तीस मैलांच्या स्पीडने जमिनीवरून चाललेलो आणि आजूबाजूला बघावं तर चकचकीत उघडं पाणी, लांब कुठेतरी गवताची एक पट्टी. मी बोट दाखवून विचारलं तर तो म्हणाला, नकाशा जुना आहे, माझ्या लहानपणी इथे जमीन होती.

हे त्याने हवामान सांगावं तसं सांगितलं. लुइझियानाच्या किनाऱ्याने 1932 ते 2016 या काळात साधारण 2000 चौरस मैल जमीन घालवली आहे असं अमेरिकेच्या भूगर्भ खात्याचं, म्हणजे यूएसजीएसचं मोजमाप सांगतं. पाच हजार चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे अख्ख्या गोव्यापेक्षा जास्त. कारणं एकात एक गुंतलेली आहेत. मिसिसिपीला दोन्ही बाजूंनी बांध घातले, त्यामुळे पुराबरोबर पसरणारा गाळ खाजणात यायचा बंद झाला आणि सरळ खोल समुद्रात जायला लागला. खालची माती आपल्या वजनाने दबत चालली आहे. तेल कंपन्यांनी ये-जा करायला आणि पाइपलाइनी टाकायला मैलोनमैल सरळ कालवे खोदले, त्यातून खारं पाणी आत घुसलं, गोड्या पाण्याची झाडं मेली, मुळं गेली की माती गेली. हॉपडेलवाल्यांचा खास राग आहे तो एमआर-गो वर, मिसिसिपी रिव्हर गल्फ आउटलेट, 1960 च्या दशकात न्यू ऑर्लिन्सपासून समुद्रापर्यंत खोदलेला 76 मैलांचा जहाजांचा शॉर्टकट. जहाजं म्हणावी तेवढी आलीच नाहीत, खारं पाणी मात्र आत आलं आणि सायप्रसची जंगलं उभी वाळली. कतरिनानंतर 2009 मध्ये दगडांचा बांध घालून तो बंद केला. पांढरे पडलेले झाडांचे सांगाडे अजून उभे दिसतात, त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून बसलेले असतात.

म्हणून या भागात नकाशा बघून बोट चालवणारा माणूस एकतर चिखलात रुततो नाहीतर कालवांच्या खडकावर बोट घासतो. वाट लक्षात ठेवायची आणि दर वादळानंतर नव्याने लक्षात ठेवायची.

पहिल्या थांब्यावर इंजिन बंद केलं आणि कॅप्टनने गळ काढायच्या आधी बोट गवताला अगदी चिकटवली आणि वाकून एक दांडा धरला. खाऱ्या खाजणातलं हे गवत, स्पार्टिना, हाताला खरखरीत लागतं कारण पानं जास्तीचं मीठ बाहेर टाकतात, नीट बघितलं तर पानावर मिठाचे बारीक कण चमकतात. दांड्यावर खालचा वीतभर भाग काळपट ओला होता आणि त्याच्या वर तो सुका. ओल्या भागाच्या वर करड्या रंगाच्या बोटाच्या पेराएवढ्या गोगलगायी चिकटून बसलेल्या, रांगेने, एकेका दांड्यावर चार-पाच. पाणी चढलं की त्या वर चढतात कारण पाण्याबरोबर खेकडे येतात आणि खेकडे त्यांना फोडून खातात. पाणी उतरलं की परत खाली. ओल्या पट्ट्यावर बोट ठेवून तो म्हणाला, पाणी एवढं उतरलंय आणि अजून उतरतंय, गोगलगायी अजून खाली आलेल्या नाहीत. म्हणजे आताच सुरुवात झालीय. झालं, एवढ्यावर त्याने दिवसाचा प्लॅन ठरवला.

मेहुण्याने तेव्हा पहिल्यांदा कपाळाची आठी सोडली.

यामागचं लॉजिक असं. आपल्याकडे दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या आणि पाणी पुरुषभर वरखाली होतं. लुइझियानात बहुतेक दिवस एकच भरती आणि एकच ओहोटी, आणि फरक किती तर फूट-दीड फूट. त्यामुळे चंद्रापेक्षा वारा मोठा ठरतो. आग्नेयेकडून वारा आला की पाणी आत ढकललं जातं, गवत बुडतं, मासे गवतात शिरतात आणि मग शोधत बसा. शरद ऋतूत थंडीची लाट आली की उत्तरेचा वारा सुटतो आणि खाजण बाथटबचं बूच काढल्यासारखं रिकामं होत जातं. आम्ही गेलो ते अशाच एका लाटेनंतर, ऑक्टोबरच्या शेवटी. आतल्या तळ्यांतून पाणी बारीक बारीक चरांतून बाहेर पडतं, पाण्याबरोबर कोळंबी, छोटे मासे, खेकडे सगळे वाहत येतात आणि चराच्या तोंडाशी मोठा मासा आयता तोंड उघडून उभा असतो. अशा चरांना तिथे ट्रेनास म्हणतात, पूर्वी फर मिळवण्यासाठी प्राणी पकडणाऱ्या लोकांनी होडी न्यायला काढलेले बरेच आहेत त्यात. मैलोनमैल गवत सारखंच दिसतं, त्यातला नेमका कुठला चर आज वाहतोय हे ओळखायचं. खाली फेसाची रेघ, वर घिरट्या घालणारे पक्षी, एखादी कोळंबी टुणकन पाण्याबाहेर उडी मारते, कॅप्टनची नजर सारखी फिरत होती आणि आमची फोनवर.

पहिले तास-दोन तास स्पेकल्ड ट्राउट. नावात ट्राउट असलं तरी हा नदीतल्या ट्राउटचा कोणी नाही, हा आपल्या घोळ-ढोम्याच्या कुळातला, रेडफिश पण त्याच कुळातला, त्यामुळे मेहुण्याला अचानक घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. इथे पॉपिंग कॉर्क वापरतात, म्हणजे तारेवर बसवलेला तरंगता बुचासारखा गोळा, दोन्ही बाजूला मणी, त्याच्या खाली दीड-दोन फुटांवर जिवंत कोळंबी. टाकायचं, दोरी ताठ करायची आणि मनगटाने एक झटका, 'ब्लूप' असा आवाज येतो आणि मणी खडखडतात. वर मासा काहीतरी खातोय असं वाटून बाकीचे बघायला येतात. मग थांबायचं. हे थांबणंच कोणाला जमत नाही. कॉर्क पाण्याखाली गेला की ओढायचा, पण जोरात हिसका द्यायचा नाही कारण ट्राउटचं तोंड नाजूक, गरी फाडून बाहेर येते. ट्राउट लागायला लागले की एकामागून एक लागतात आणि मग एकदम बंद. बंद झाले की कॅप्टन पाच मिनिटंही थांबत नव्हता, उचल आणि चल.

मध्ये एक शिंगाळा लागला. तिकडे हार्डहेड म्हणतात आणि आपल्याच शिंगाळ्याच्या घराण्यातला. पाठीवरचा आणि कल्ल्यामागचे दोन्ही काटे विषारी, बाहेर येऊन अडकून बसतात. मित्रांपैकी एक हौसेने हात घालायला गेला तर कॅप्टन आणि मेहुणा दोघं एकदम ओरडले, एक इंग्रजीत, एक मराठीत. "हात नको लावू रे त्याला, पुरा दिवस जाईल तुझा!" कॅप्टनने पक्कड घेऊन गरी सोडवली, मासा पाण्यात. त्यानंतर त्या दोघांची गट्टी जमली ती जमलीच.

आता रेडफिश. याच्यासाठीच मी गेलो होतो. तांबूस सोनेरी अंग, शेपटीच्या मुळाशी डोळ्यासारखा काळा ठिपका, कधी एक कधी चार-पाच. शत्रूला वाटावं हेच डोकं, म्हणून तो ठिपका असं म्हणतात. दुपारी ऊन वर आलं, वारा पडला आणि कॅप्टनने बोट एका आतल्या तळ्यात घातली, पाणी गुडघ्याएवढं पण नाही, खाली शेवाळ, पाणी काचेसारखं. कॉर्क काढून टाकला आणि सोनेरी स्पून लावला, चमच्याच्या आकाराचा पत्रा, गरी वर वळलेली म्हणजे शेवाळात अडकत नाही. पोलराइज्ड चष्मा लावायला सांगितला. तोवर मला ते चष्मे म्हणजे फॅशन वाटायचे. चष्म्याशिवाय नुसतं आकाश दिसतं पाण्यात, चष्मा लावला की तळ.

तो वर उभा राहून घड्याळाच्या भाषेत सांगायचा. बोटीचं टोक म्हणजे बारा. "दहा वाजता, चाळीस फूट, उजवीकडे चाललाय." मी बघतोय, बघतोय, काही नाही. "तीस फूट." नुसतं गवत. मग एकदम दिसला, म्हणजे आधी मासा नाहीच दिसला, शेवाळावरून सरकणारी एक तांब्याच्या रंगाची सावली दिसली आणि मग त्या सावलीला शेपटीची निळसर कड फुटली. ही कड पाण्याबाहेर आली, हलली, कारण साहेब डोकं खाली घालून चिखलातला खेकडा उकरत होते. डोक्यावर टाकायचं नाही, पळतो. त्याच्या पुढे आणि पलीकडे टाकायचं आणि स्पून ओढत त्याच्या वाटेवर आणायचा. टाकला. स्पून पोचला तसा तो थबकला, एक वळण घेतलं, मागून दोन फूट आला. कॅप्टन हळूच म्हणाला, "थांबवू नको, ओढत राहा." रेडफिशचं तोंड खालच्या बाजूला असतं त्यामुळे खाताना त्याला थोडं पालथं व्हावं लागतं, तो पालथा झाला, अंगाची एक बाजू उन्हात लखकन चमकली आणि हातात दगडाला दोरी बांधल्यासारखं जड झालं आणि मग रीलची करकर, दोरी नुसती जातेय जातेय. ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, घट्ट करायचा मोह होतो, करायचा नाही. तळं उथळ, खाली जायला जागा नाही म्हणून तो सरळ पळतो, पुढे पाण्याचा इंग्रजी व्ही काढत. बोटीजवळ आला, बोट बघितली, परत गेला. असं तीनदा. जाळ्यात आला तेव्हा गुरगुरत होता, खरंच, पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून हे मासे ढोलासारखा आवाज काढतात, म्हणून यांना ड्रम म्हणतात. हातात धरल्यावर तो आवाज तळहाताला जाणवतो.

पट्टीवर ठेवला, तोंड बंद करून, शेपटीची टोकं चिमटीत धरून. सव्वीस इंच. ठेवता येईल. नियम असा की 18 ते 27 इंचांमधलेच ठेवायचे, माणशी दिवसाला चार. हे जून 2024 पासून. आधी पाच होते, 16 इंचांपासून, आणि त्यातला एक 27 च्या वरचा चालायचा, आता वरचा एकही नाही. 27 च्या वरचे मासे म्हणजे अंडी घालणारे, हे मासे वयात आले की खाजण सोडून समुद्राकडे जातात आणि चाळीस वर्षांपर्यंत जगतात, त्यांना हात लावायचा नाही. शिवाय चार्टरवर असताना कॅप्टनला स्वतःच्या नावाचे मासे ठेवता येत नाहीत, पूर्वी त्याचाही वाटा गिऱ्हाइकाच्या पेटीत जायचा. काही गाईड यावर चिडलेत म्हणे, आमचा नव्हता. तो म्हणाला, मासा राहिला तर धंदा राहील.

आणि इथे त्या दुकानवाल्या प्रश्नाचं उत्तर पण आहे. 1980 च्या दशकात न्यू ऑर्लिन्सच्या पॉल प्रुडोम या शेफने मसाला लावून तव्यावर काळा केलेला रेडफिश इतका गाजवला की अमेरिकाभर हॉटेलांना तोच हवा झाला, बोटी मोठमोठी जाळी घेऊन मेक्सिकोच्या आखातातले थवेच्या थवे उचलायला लागल्या आणि मासा संपायची वेळ आली. शेवटी 1988 मध्ये लुइझियानाने रेडफिश विक्रीसाठी पकडायलाच बंदी केली. त्यामुळे हॉटेलात मिळतो तो बहुतेक शेततळ्यातला. तिथल्या खाजणातला हवा असेल तर स्वतःच्या गळाला लावायचा, दुसरा मार्ग नाही, सांगा आता.

एका ठिकाणी मात्र कॅप्टन शिरलाच नाही. सुंदर तळं, चराच्या तोंडाशी मासे उसळ्या मारताना दिसत होते, आणि काठावर खांब ठोकून पाटी, खाजगी मालमत्ता. पाणी खाजगी कसं? तर तिथे जमीन होती तेव्हा तिला मालक होता, जमीन बुडाली, तरी मालकी कागदावर आहे आणि लुइझियानात तो मालक भरतीच्या पाण्यातही येऊ नका म्हणू शकतो. भांडणं, पोलीस, केसेस सगळं होतं यावरून. मेहुणा म्हणाला, "भावोजी, समुद्राला सात-बारा!" त्याचं भाषांतर करून कॅप्टनला सांगायचा प्रयत्न केला, जमला नाही.

धक्क्यावर परत आलो तर पेलिकन रांग लावून बसलेले. इथले तपकिरी पेलिकन कीटकनाशकांमुळे 1960 च्या दशकात लुइझियानातून नाहीसेच झाले होते, राज्यपक्षी असून, मग 1968 पासून फ्लोरिडाहून पिल्लं आणून परत वाढवले. आता असे माजलेत की टेबलावरून मासा पळवतात. कॅप्टनने इलेक्ट्रिक सुरी काढली आणि दर माशाला मिनिटभर, दोन्ही बाजूंचे काप वेगळे, बाकी सगळं पाण्यात. रेडफिशचे काही काप त्याने खवल्यांसकट ठेवले, तसेच खवल्यांची बाजू खाली करून ग्रिलवर ठेवायचे, खवल्यांचंच ताट होतं. एका ट्राउटच्या मांसात शेवईसारखा पांढरा किडा निघाला, त्याने सुरीच्या टोकाने काढून फेकला, शिजवल्यावर काही होत नाही म्हणाला. मित्रांपैकी एकाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पण डोकी पाण्यात पडताना बघून मेहुण्याचा जीव खालीवर व्हायला लागला. "अहो भावोजी, सांगा ना त्याला, डोकी टाकू नको म्हणावं, सगळा रस तिथेच असतो." सांगितलं. कॅप्टनने आधी विश्वास ठेवला नाही, मग उरलेली डोकी, गालफडं, मधला काटा सगळं वेगळ्या पिशवीत भरून दिलं आणि रस्सा कसा करता ते विचारलं. मेहुण्याने धक्क्यावर उभं राहून नारळ भाजण्यापासून सुरुवात केली.

जायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर बघा, ट्राउट आणि रेडफिश दोन्ही आत असतात आणि उकाडा नसतो. उन्हाळ्यात पण मासे असतात पण डास, ऊन आणि दुपारची गडगडाटी वादळं सोसायची तयारी हवी. टीप साधारण पंधरा-वीस टक्के धरून चला, मासे लागले नाहीत तरी द्यायची असते. काळपट नाही, तांबूस काचेचा पोलराइज्ड चष्मा घ्या. पांढऱ्या तळाचे बूट, काळे बूट बोटीवर डाग पाडतात आणि कॅप्टन लोक त्यावर फार बोलतात. आदल्या रात्री वाऱ्यामुळे ट्रिप रद्द करतो असा मेसेज आला तर वाद घालू नका, पुढची तारीख घ्या. आणि मोठा आइसबॉक्स गाडीत ठेवा, डोक्यांना जागा लागते.